पिंपरीची बुरशी, घाटातला बेडूक आणि उद्याचे औषध

पुण्याचे नाव धारण करणारी एक बुरशी आहे. शास्त्रज्ञांच्या परिभाषेत तिला ‘एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस’ असे म्हणतात. हे नाव देणारे डॉ. एम. जे. तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात संशोधन करीत. या बुरशीपासून आणि तिच्या एकदोन भावंडांपासून मिळालेल्या एका द्रव्याची माहिती त्यांनी १९६८ साली कारखान्याच्याच संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केली. द्रव्याचे नाव ‘अँटिअमिबिन’. अमीबासारखे एकपेशीय परजीवी आणि पोटातले जंत यांच्यावर त्याचा मारा चालतो, असे प्रयोगशाळेत दिसले होते. औषधाच्या दुकानात हे नाव आपण कधी ऐकले नसेल. तरीही आज त्याची आठवण काढण्याचे कारण आहे. अँटिअमिबिन हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांचे सोळा मणी ओवलेली एक छोटीशी माळ. जुनी प्रतिजैविके एकामागून एक निष्प्रभ होत असताना जगभरचे संशोधक आज ज्या रेणूंकडे आशेने पाहत आहेत, ते याच कुळातले आहेत.

घरात वयोवृद्ध माणूस असेल, किंवा आपण स्वतःच सत्तरी ओलांडली असेल, तर हा विषय आपल्या अगदी निकटचा आहे. लघवीचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, फ्लूच्या पाठोपाठ आलेला न्यूमोनिया, रुग्णालयातल्या मुक्कामात कॅथेटरवाटे शिरलेले जंतू अशा प्रसंगी डॉक्टर अहवालावरून नजर फिरवून म्हणतात, “नेहमीचे औषध या जंतूवर चालणार नाही.” हे वाक्य अलीकडे पुष्कळ घरांनी ऐकले आहे.

प्रतिजैविकांपूर्वीचा काळ पुण्याने पाहिलेला आहे. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींना ससून रुग्णालयात आणले गेले आणि कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले, ही हकीकत अनेकांना ठाऊक आहे. पण त्या खोलीत विजेपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे प्रतिजैविक. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ चा, आणि ते रुग्णांच्या उपयोगी पडू लागले १९४० नंतर. शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने झाली तरी पुढे जखम चिघळली, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

स्वातंत्र्यानंतर हे औषध परदेशातून आणण्याऐवजी येथेच तयार करावे म्हणून १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीचा कारखाना उभा राहिला. देशातला सरकारी क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. तेथे नुसते पेनिसिलिन बनत नव्हते, नव्या औषधांचा शोधही चालू होता. पिंपरीचे नाव लावणाऱ्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक तिथेच निघाले. आपल्या आसपासच्या मातीत औषध शोधायचे, ते बाटलीत भरायचे आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा दरात द्यायचे, हा त्या पिढीचा ध्यास होता. पुढे कारखाना आजारी पडला, ती कथा वेगळी आणि क्लेशदायकही आहे. पण नव्या प्रतिजैविकांचे आजचे दुर्भिक्ष पाहिले की तसा संशोधन विभाग आपण जपायला हवा होता, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध दिले तर जंतू त्याला सरावतात. इशारा सर्वांनी ऐकला आणि बहुतेकांनी विसरून टाकला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले.

आपल्याच अंगातली शस्त्रे

पेप्टाइड हा शब्द नवा वाटला तरी वस्तू परकी नाही. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की साखळी तयार होते. ती लांबलचक झाली आणि आपल्यापरीने दुमडली की तिला प्रथिन म्हणतात, आखूड राहिली तर पेप्टाइड. आपल्या शरीरातले इन्सुलिन हे एक्कावन्न अमिनो आम्लांचे पेप्टाइडच आहे, आणि ते रोज टोचून घेणारे कितीतरी वाचक असतील. जंतूंना मारणारी पेप्टाइडे सहसा त्याहूनही लहान, दहा ते पन्नास मण्यांची असतात.

ही पेप्टाइडे आपल्या शरीरात जन्मापासून पहाऱ्यावर असतात. घामात डर्मसिडिन असते, लाळेत बुरशीला आवर घालणारी हिस्टाटिने असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत आणि आतड्याच्या अस्तरात डिफेन्सिने असतात. त्वचेत, श्वासनलिकेत आणि मूत्राशयाच्या अस्तरात ‘एलएल-३७’ नावाचे, नावाप्रमाणेच ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड असते. फ्लेमिंग यांनीही पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, अशीच एक वस्तू जगापुढे मांडली होती. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्राव जिवाणूंच्या बशीत टाकला असता जिवाणू विरघळून जातात, असे त्यांना आढळले. ते लायसोझाइम. ते आकाराने मोठे, म्हणून त्याला प्रथिन म्हणतात. अश्रूंतही ते विपुल असते.

वार्धक्यात हा पहारा सैल का होतो, हे यावरून थोडे उमगते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, मूत्राशयाच्या तक्रारी यांवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की तिच्यातली पेप्टाइडेही कमी होतात आणि जिभेवर, कवळीखाली पांढरी बुरशी धरते. आजी-आजोबांचे तोंड सारखे कोरडे पडत असेल, जेवण तिखट लागत असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. रात्री कवळी काढून स्वच्छ करून ठेवावी, घोटघोट पाणी द्यावे आणि औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून एखादे बदलता येईल का, असे विचारावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आपल्याकडे मोकळेपणी बोलले जात नाही. रजोनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन घटते आणि त्यासोबत मूत्रमार्गाच्या अस्तरातील संरक्षक पेप्टाइडेही घटतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, ईस्ट्रोजेनचा स्थानिक उपचार केल्यावर या पेप्टाइडांचे उत्पादन वाढते आणि अस्तराची वीण घट्ट होते. वर्षातून तीनतीनदा लघवीच्या संसर्गासाठी प्रतिजैविके घेणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेऊन ‘लावायच्या मलमाचा उपयोग होईल का?’ एवढे विचारणे योग्य ठरेल. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असल्यास ते आधी सांगावे, कारण तेव्हा निर्णय वेगळा होऊ शकतो.

ड जीवनसत्त्वाविषयीही पुष्कळ बोलले जाते. पांढऱ्या पेशींना ड जीवनसत्त्व पुरेसे मिळाले की त्या एलएल-३७ चे जनक प्रथिन अधिक बनवतात आणि क्षयाच्या जंतूला आवरतात, असे २००६ साली प्रयोगशाळेत दिसले. परंतु प्रयोगशाळेतले सारे माणसात तसेच उतरते असे नाही. क्षयासाठी ड जीवनसत्त्व देऊन झालेल्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षिलेला लाभ दिसला नाही. तुटवडा असेल तर तो हाडांसाठी भरून काढावा, पण जंतुसंसर्गावरचा उपाय म्हणून मात्रा मनाने वाढवू नये. त्याचा अतिरेक मूत्रपिंडांना बाधतो.

जंतूला छिद्र पाडणारी माळ

बहुतेक प्रतिजैविके जंतूच्या एखाद्या यंत्रावर नेम धरतात. कुणी त्याची भिंत बांधू देत नाही, कुणी प्रथिने बनवू देत नाही. जंतूने त्या यंत्राचा एखादा भाग बदलला की औषध वाया जाते. पेप्टाइडांची रीत निराळी. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण भार असतो, म्हणून ती तेथे खेचली जातात. आपल्या पेशींच्या बाहेरील बाजूस असा ऋण भार फारसा नसतो आणि त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, त्यामुळे त्या बहुधा वाचतात. एरवी बदनाम असलेल्या कोलेस्टेरॉलचे हे एक चांगले काम! आवरणाला चिकटल्यावर पेप्टाइडे त्यात घुसतात, छिद्रे पाडतात किंवा त्याची घडीच विस्कटतात, आणि जंतूच्या आतला ऐवज बाहेर वाहून जातो. एखादे यंत्र बदलण्यापेक्षा अख्खे आवरण बदलणे जंतूला फार अवघड जाते.

हे सारे केवळ भविष्यातले आहे असे समजू नका. खरचटलेल्या गुडघ्यावर भुरभुरायची निओस्पोरिनची पावडर आपल्या घरात असेल. तिच्या घटकांत पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रासिन ही दोन पेप्टाइडे आहेत. बॅसिट्रासिन १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका सात वर्षांच्या मुलीच्या जखमेतील जिवाणूत सापडले. तिच्या आडनावाचा अंश त्या औषधाच्या नावात कायमचा राहिला. रुग्णालयांत वापरले जाणारे व्हँकोमायसिन हेही पेप्टाइडच, साखरेची जोड असलेले. २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डॅप्टोमायसिन हेही याच गोत्रातले. मात्र रक्तातल्या संसर्गावर प्रभावी असलेले हे औषध न्यूमोनियात चालत नाही, कारण फुप्फुसाच्या आतील स्निग्ध थर त्याला अडकवून ठेवतो. एकाच रुग्णाला एक औषध आज उपयोगी आणि उद्या निरुपयोगी का ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बेडकाच्या पाठीवरचा दवाखाना

१९८० च्या दशकात अमेरिकेतील मायकेल झॅस्लॉफ प्रयोगांसाठी आफ्रिकन बेडकांवर शस्त्रक्रिया करीत आणि टाके घालून त्यांना पुन्हा टाकीत सोडत. टाकीतले पाणी जंतूंनी भरलेले असे. तरीही जखमा चिघळत नसत. शेकडो वेळा हेच पाहूनही कुणाला नवल वाटले नव्हते, झॅस्लॉफ यांना वाटले. १९८७ साली त्यांनी बेडकाच्या त्वचेतून जंतुनाशक पेप्टाइडे वेगळी केली आणि हिब्रू भाषेतील ढाल या अर्थाच्या शब्दावरून त्यांना ‘मॅगेनिन’ म्हटले.

अशीच एक कथा आपल्या सह्याद्रीचीही आहे, आणि तिची सुरुवात पुण्यात होते. भारतीय द्वीपकल्पात आढळणाऱ्या एका बेडकाला बराच काळ दुसऱ्याच जातीत गणले जात असे. आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. आनंद पाध्ये, आयसरचे डॉ. नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो स्वतंत्र असल्याचे दाखवून त्याला नाव दिले, ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’. दूरवर पसरलेला, म्हणून बहुविस्तार. अशा संशोधनाकडे ‘बेडकाचे नाव ठरवून काय मिळणार?’ या नजरेने पाहणारे लोक असतात. अवघ्या दोन वर्षांत त्याचे उत्तर मिळाले. तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राने आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २०१७ मध्ये जाहीर केले की, या बेडकाच्या त्वचास्रावातील एक पेप्टाइड फ्लूचे काही विषाणू नष्ट करते. केरळातील लवचिक पट्ट्याच्या ‘उरुमी’ तलवारीवरून त्याला ‘उरुमिन’ हे नाव मिळाले. सौम्य विद्युतस्पर्शाने स्राव गोळा करून बेडकांना सोडून देण्यात आले होते.

या शोधातला तपशील मुळातून पाहण्यासारखा आहे. संशोधकांनी बत्तीस पेप्टाइडे तपासली. त्यांपैकी चारांनी फ्लूच्या विषाणूला रोखले. मात्र त्या चारांपैकी तीन माणसाच्या तांबड्या रक्तपेशींनाही घातक निघाली. उरले एक. त्या एकानेही एच-१ गटाच्या विषाणूंनाच मारले, एच-३ गटाचे सुटले. लस न दिलेल्या उंदरांना त्याने फ्लूच्या घातक मात्रेपासून वाचवले. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता अजून चालायचा आहे. म्हणून फ्लूपासून रक्षणासाठी आज आपल्या हाती बेडूक नाही, दरवर्षीची लस आहे, आणि ज्येष्ठांनी तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. न्यूमोनियाच्या लशीविषयीही त्याच भेटीत विचारावे.

मग औषध अडते कुठे?

पहिली अडचण पोटातच आहे. पेप्टाइड हे अन्नातील प्रथिनांचेच भावंड असल्याने जठर आणि आतडी त्याला पचवून टाकतात. म्हणूनच इन्सुलिनप्रमाणे ते टोचावे लागते किंवा जखमेवर लावावे लागते. शिरेवाटे दिले तरी रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात. ते टिकावे म्हणून मात्रा वाढवली, तर आपल्याच रक्तपेशी आणि मूत्रपिंडे दुखावतात. शिवाय मणी-मणी ओवून माळ बनवण्याचा खर्च मोठा.

मॅगेनिनचेच पाहा. त्याच्यात सुधारणा करून ‘पेक्सिगॅनन’ हे मधुमेह्यांच्या पायाच्या जखमेवर लावायचे मलम तयार झाले. आपल्या देशातील लाखो घरांना ज्याची गरज आहे, नेमके ते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता नाकारली, कारण आधीपासून उपलब्ध असलेल्या गोळ्यांपेक्षा ते सरस ठरले नव्हते. पुढे पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांतही २०१६ मध्ये अपयशच आले. मधुमेह्याच्या जखमेत रक्तपुरवठा, साखर आणि पायावरचा दाब हे तिन्ही प्रश्न एकत्र असतात, त्यामुळे नुसते जंतू मारून ती भरत नाही. घरी रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात तळपाय पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, घरातही मऊ चपला वापरणे, हा आजही कोणत्याही मलमापेक्षा खात्रीचा मार्ग आहे.

आणि पेप्टाइडांना जंतू सरावत नाहीत, असेही नाही. कोलिस्टिनची कहाणी यासाठी जाणून घ्यावी. जपानमध्ये १९४० च्या दशकाअखेरीस सापडलेले हे पेप्टाइड मूत्रपिंडांना बाधते, म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी जवळजवळ टाकून दिले होते. इतर औषधे थकली, तेव्हा अतिदक्षता विभागात ते शेवटचा उपाय म्हणून परत आले. मात्र त्याच काळात कोंबड्या आणि डुकरे लवकर वाढावीत म्हणून पशुखाद्यातूनही ते सर्रास दिले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘एमसीआर-१’ हा जनुक सापडल्याचे जाहीर केले. हा जनुक जिवाणूच्या आवरणावरील ऋण भार कमी करतो, मग कोलिस्टिनला चिकटायला जागाच राहत नाही. त्यातून हा जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज हस्तांतरित होतो. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. निर्णय योग्य होता. तो आधीच व्हायला हवा होता, असेच कोणीही म्हणेल.

अडथळा केवळ रसायनशास्त्राचा नाही. रक्तदाबाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो. प्रतिजैविक आठवडाभर, आणि नवे असेल तर डॉक्टर ते शक्यतो राखूनच ठेवतात. मग कंपनीने गुंतवलेला पैसा कसा वसूल करायचा? २०१८ मध्ये एक नवे प्रतिजैविक मान्य करून घेतलेली अमेरिकी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पिंपरीच्या कारखान्याची आठवण इथे पुन्हा होते.

तरीही काम थांबलेले नाही. पाषाणच्या आयसरमध्ये निसर्गात सहसा न आढळणारी अमिनो आम्ले माळेत ओवून, शरीरातील विकरांना न तुटणारी पेप्टाइडे घडवण्यावर संशोधन होत आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने जगभरच्या जंतुरोधक पेप्टाइडांची माहिती एकत्र करून संगणकीय कोश उभारला आहे. त्याचे नाव ‘कॅम्प’. पुणेकरांना हे नाव ऐकून महात्मा गांधी रस्त्यावरची खरेदी आठवेल, पण देशोदेशीचे संशोधक त्याचा आधार घेतात. पिंपरीच्या अँटिअमिबिनची त्रिमिती रचनाही १९९८ मध्ये, शोधानंतर तीस वर्षांनी, स्फटिकांच्या अभ्यासातून उलगडली. आणि २०२४ च्या आरंभी ‘झोसुराबालपिन’ या वर्तुळाकार पेप्टाइडासारख्या नव्या औषधाची माहिती प्रसिद्ध झाली. अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या चिवट जिवाणूवर ते चालते. त्याच्या चाचण्या सुरू आहेत. ते बाजारात कधी येईल, याचा भरवसा धरून मात्र आज कुणी निश्चिंत राहू नये.

घरातल्या माणसांसाठी

ही औषधे हाती येईपर्यंत आहेत ती टिकवायची आहेत, आणि त्यातला मोठा भाग रुग्णालयाबाहेर, आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठरतो. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे औषध नव्हे. शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी आपल्या आजोबांना देऊ नये. मागच्या वेळी उरलेल्या चार गोळ्या ‘असू द्यात’ म्हणून डब्यात ठेवू नयेत. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. डॉक्टरांनी ते लिहिले नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे धाव घेणे सोडून द्यायला हवे. हे लिहायला सोपे आहे. वडील तापाने कण्हत असताना ते पाळणे किती कठीण, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहे.

लघवीच्या तपासणीबाबत एक गैरसमज वारंवार दिसतो. वृद्धांच्या लघवीत, विशेषतः कॅथेटर असताना, जिवाणू आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. जळजळ, ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणे यांपैकी काहीही नसेल, तर केवळ अहवालात जिवाणू दिसले म्हणून बहुधा प्रतिजैविक लागत नाही. उलट, अशा वेळी दिलेले औषध जंतूंना शिकवण्याचेच काम करते. मात्र म्हातारपणी ताप न येताही गंभीर संसर्ग होऊ शकतो. माणूस एकाएकी गोंधळला, सुस्त झाला, जेवेनासा झाला, श्वास जलद झाला किंवा लघवी कमी झाली, तर घरी वाट पाहत बसू नये. संसर्ग खरोखर असेल, तर पहिला डोस देण्यापूर्वी कल्चरसाठी नमुना घेतला जाणार आहे का, हे जरूर विचारावे. रुग्ण अत्यवस्थ असल्यास अर्थातच औषध थांबवून ठेवता येत नाही, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

अतिदक्षता विभागात कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन बी सुरू करण्याची वेळ आली, तर घाबरून नकार देऊ नका, पण माहिती मात्र द्या. मूत्रपिंडाचा जुना विकार, पूर्वीचे क्रिएटिनिनचे अहवाल आणि घरी चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना कळायला हव्यात. रोजची लघवी किती होते, याची नोंद ठेवली जाते का, ते विचारा. रुग्ण बोलू शकत असेल आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर किंवा अशक्तपणा सांगत असेल, तर परिचारिकेच्या कानावर लगेच घाला. या औषधांचा तो परिणाम असू शकतो.

आणखी एक गोष्ट. ‘पेप्टाइड’ हा शब्द हल्ली जाहिरातींत फार दिसतो. पावडरी, पेये, सुरकुत्यांची मलमे, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ महागडी इंजेक्शनेसुद्धा. पिण्याच्या पावडरीतले पेप्टाइड पोटात गेल्यावर डाळीच्या प्रथिनांप्रमाणेच पचते. या लेखात ज्यांची चर्चा केली त्या औषधांशी यांचा काही संबंध नाही. त्या पैशात आजी-आजोबांना रोज वाटीभर वरण, उसळ किंवा दही अधिक मिळाले, तर ते अधिक लाभेल.

शेवटी, घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी एक साधा कागद तयार करावा. मागील वर्षभरात घेतलेली प्रतिजैविके, त्यांची नावे, महिना आणि किती दिवस घेतली. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले किंवा श्वास लागला. झालेल्या कल्चरच्या अहवालांच्या प्रती. अलीकडचे क्रिएटिनिन. मागील सहा महिन्यांत रुग्णालयात राहावे लागले असल्यास कुठे आणि किती दिवस, कारण तेथील जंतू सोबत आले असण्याची शक्यता डॉक्टरांना गृहीत धरावी लागते. पहिले औषध कोणते निवडायचे, हे त्या कागदावरून ठरू शकते. तो फाइलीत सर्वांत वर लावून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेतून उतरताना कागदपत्रे चाळायला सवड नसते.